लॅपटॉपचा टचपॅड आणि आपला हात

सुतार नवा रंधा हाती घेतो तेव्हा तो लागलीच लाकडावर चालवीत नाही. आधी त्याचे पाते पाहतो. पाते फार बाहेर आले असेल तर रंधा लाकूड ओरबाडतो. फार आत गेले असेल तर नुसताच घसरतो. म्हणून हातोडीचे दोन हलके टोले देऊन तो पाते हवे तेवढे बसवतो आणि मगच कामाला लागतो. शिंपी मशीनवर बसला की कापडाप्रमाणे दोऱ्याचा ताण कमीजास्त करतो. हत्यार हाताला आणि कामाला जुळवून घेणे हा प्रत्येक धंद्यातला पहिला धडा आहे, आणि तो कोणत्याही कारागिराला पुस्तकातून शिकावा लागत नाही.

लॅपटॉपपुढे बसलेला माणूस मात्र हा धडा विसरतो. पडद्यावरचा बाण एका जागी ठरत नाही, पान वर न्यावे तर ते खाली जाते, बोट फिरवून फिरवून मनगट दुखू लागते. आणि तो म्हणतो काय, तर "माझा हातच बसत नाही", "आता वय झाले", "हे मुलांचे काम". यंत्रात काही कमीजास्त करता येईल काय, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवतही नाही. आम्ही कामगार संघटनेचे काम करणारी माणसे. यंत्रशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. जे कळले ते लोकांच्या तक्रारी ऐकून, यंत्र पुढ्यात घेऊन आणि मिळेल ते वाचून कळले. त्या बळावर एवढे सांगू शकतो की, या तक्रारींपैकी पुष्कळशा हाताच्या नसून जुळणीच्या असतात, आणि जुळणी ज्याची त्याला करता येते. ती कशी करावी एवढाच आजचा विषय आहे.

पाटीखाली काय असते?

कीबोर्डच्या खालच्या बाजूला जी गुळगुळीत चौकोनी पाटी असते तिला टचपॅड म्हणतात; मॅक वापरणारे तिलाच ट्रॅकपॅड म्हणतात. तिच्या आधीचे साधन म्हणजे माऊस. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून १९६४ साली माऊसचा पहिला नमुना तयार झाला. तो लाकडी होता व त्याच्या पोटाखाली दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी तो भर सभेत चालवून दाखवला. पण माऊसला टेबलाची जागा लागते, आणि लॅपटॉप तर मांडीवर किंवा प्रवासात वापरायचा. म्हणून सुरुवातीच्या कित्येक लॅपटॉपांवर बोटाने फिरवण्याचा एक गोळा बसवीत असत. त्या गोळ्यात धूळ जाई आणि तो अडके. १९९४ साली ॲपल कंपनीने आपल्या पॉवरबुक ५०० या मालिकेत गोळा काढून सपाट टचपॅड बसवला, आणि पुढे हीच पद्धत सार्वत्रिक झाली.

बोट ओळखण्यासाठी या पाटीत हलणारे असे काहीच नसते. पृष्ठभागाखाली वीज वाहून नेणाऱ्या बारीक रेषांची उभी-आडवी वीण असते. नवारीचा पलंग डोळ्यांपुढे आणावा, म्हणजे तिची कल्पना येईल. आपले शरीरही विजेचे वाहक आहे. बोट पाटीला टेकले की त्या ठिकाणी रेषांची विद्युतभार धरून ठेवण्याची शक्ती किंचित बदलते. हा बदल आतले यंत्र एका सेकंदात अनेकदा मोजते, आणि बोट कोठे आहे व कोणत्या दिशेला किती सरकले हे ठरवते. यावरून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की, बाण हलवण्याशी जोराचा संबंध नाही. बोट कितीही दाबून घासले तरी बाण अधिक चपळ होत नाही. बोट मात्र शिणते. दुसरी ही की, पाण्यातून आणि घामातूनही वीज वाहते. हात ओला असला, पाटीवर घामाचा थेंब राहिला, की पाटीला बोट कोणते आणि थेंब कोणता हे उमगत नाही. वैशाखात किंवा कोकणच्या दमट हवेत बाण उड्या मारू लागला तर पहिला इलाज म्हणजे कोरडे सुती फडके.

मोबाइलच्या पडद्यात आणि टचपॅडमध्ये एक मोठा फरक आहे. मोबाइलवर जेथे बोट ठेवू तेथेच काम होते. टचपॅड बोट कोठे टेकले याकडे पाहत नाही; ते टेकल्यावर किती सरकले एवढेच पाहतो. म्हणून बोट उचलून पुन्हा अलीकडे टेकवले तर बाण जागचा हलत नाही. घरात आजोबा लॅपटॉपची पाटी मोबाइलप्रमाणे एकेका जागी दाबून पाहतात आणि वैतागतात, ते हा फरक त्यांना कोणी सांगितलेला नसतो म्हणून.

वेगाचे गणित

आता बाणाच्या वेगाकडे वळू. नेहमीच्या १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर रुंद असतो, आणि त्याची पाटी बहुधा दहा-अकरा सेंटिमीटर. बोट एक सेंटिमीटर सरकले असता बाणही एकच सेंटिमीटर सरकेल असे ठरवले, तर पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाण्यास बोट तीन वेळा उचलून टेकवावे लागेल. दिवसभर असे करणाऱ्याच्या बोटांची काय गत होईल ते सांगायला नको. म्हणून यंत्र बोटाच्या हालचालीला काही पटींनी मोठे करते. परंतु हालचाल ज्या पटीने मोठी होते त्याच पटीने बोटाचा कंपही मोठा होतो. खिडकी मिटवण्याची फुली किंवा तक्त्यातला एक चिमुकला चौकोन गाठायचा असला की बाण कधी अलीकडे राहतो, कधी पलीकडे जातो. एकीकडे लांबचा पल्ला, दुसरीकडे नेमकी जागा. या दोहोंचे भांडण आहे.

यंत्र बनवणाऱ्यांनी त्यावर एक तोड काढली आहे. बोट सावकाश सरकले तर बाण थोडाच पुढे जातो. तेच अंतर बोटाने झपाट्याने कापले तर बाण लांब झेपावतो. याला प्रवेग म्हणतात. तेव्हा लांब जायचे असता झटकन आणि नेमके थांबायचे असता अगदी हळू, अशी बोटाची सवय ठेवली की निम्मे काम झाले. मध्यम गतीने सगळीकडे बोट ओढणाऱ्याला या सोयीचा लाभच होत नाही.

तरीही मूळ वेग किती ठेवावा हा प्रश्न उरतोच. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या हातात एक सळई देऊन समोरच्या दोन धातूच्या पट्ट्यांना आळीपाळीने टेकवायला लावले. पट्ट्यांतले अंतर वाढवले की वेळ वाढे. पट्ट्या अरुंद केल्या तरीही वेळ वाढे. म्हणजे पोचण्याला लागणारा वेळ नुसत्या अंतरावर नव्हे, तर पोचण्याची जागा किती लहान आहे यावरही अवलंबून असतो. आमच्या कामाला यातून मिळणारा बोध सरळ आहे. बाण वेगवान केला म्हणजे काम वेगाने होतेच असे नाही. वाटेत वाचलेला वेळ शेवटच्या दोन बोटे अंतरात चुकून, परतून आणि पुन्हा चुकून दुप्पट खर्च होऊ शकतो.

वेग ठरवण्याची आमची रीत अशी. बाण पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात न्यावा, आणि बोटाच्या एका झपाट्यात, फार तर दोहोंत, वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या फुलीपर्यंत पोचून तेथे थांबण्याचा प्रयत्न करावा. असे दहा वेळा करावे. बोट तीन-तीनदा उचलावे लागत असेल तर वेग कमी आहे. बाण फुलीवरून वारंवार पुढे जात असेल तर वेग जास्त आहे. एका वेळी एकच खूण बदलावी आणि निदान अर्धा दिवस काम करून मगच पुन्हा हात लावावा. तासाला चार वेळा जुळणी बदलणाऱ्याचा हात कशालाच सरावत नाही.

ही खूण कोठे असते? विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' आणि त्यात 'टचपॅड' असे गेले की 'कर्सर स्पीड' ही सरकपट्टी दिसते. विंडोज १० मध्ये तीच 'डिव्हायसेस'खाली आहे. मॅकमध्ये सिस्टिम सेटिंग्जमधील 'ट्रॅकपॅड' या पानावर 'ट्रॅकिंग स्पीड' आहे. लिनक्सच्या उबुंटूसारख्या प्रकारांत 'माऊस अँड टचपॅड' असे पान असते. येथे एक सूचना. माऊसचा वेग आणि टचपॅडचा वेग यांच्या पट्ट्या बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या असतात. माऊसची पट्टी हलवून टचपॅडमध्ये फरक पडला नाही तर आश्चर्य मानू नये. विंडोजच्या टचपॅडच्या पानावर काहीच पर्याय दिसत नसतील तर ती पाटी जुन्या पद्धतीची समजावी. तिची जुळणी माऊसच्या जादा सेटिंग्जमध्ये किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये सापडते.

हे सारे क्षुल्लक वाटेल, पण एकाच्या पोटाशी त्याचा कसा संबंध येतो ते सांगतो. एका कचेरीत हिशेबाच्या नोंदी करणाऱ्या एका ताईंच्या नावावर 'काम संथ' असा शेरा पडला होता. कंत्राट पुढे चालू ठेवायचे की नाही हे त्या शेऱ्यावर ठरणार होते. त्या आम्हाला म्हणाल्या, "दादा, काय करू, माझा हातच बसत नाही हो." आम्ही म्हटले, "ताई, हाताचे राहू द्या, आधी यंत्र बघू." शेजारी बसून पाहिले तेव्हा दिसले की, प्रत्येक नोंदीच्या चौकोनावर त्यांचा बाण दोन-तीनदा पुढे जाऊन परत येत होता. वेगाची पट्टी अगदी उजव्या टोकाला होती. त्या यंत्रावर आधीच्या पाळीतला एक तरुण त्याच नावाने लॉगिन करून काम करी आणि त्याला तसा वेग आवडे. पट्टी मध्यावर आणली, आणि त्या दिवशीच फरक दिसला. पुढे दोघांना वेगवेगळे लॉगिन मिळाले, कारण जुळणी ज्याच्या त्याच्या लॉगिनपाशीच राहते. त्यानंतरच्या कामाचे तक्ते समोर ठेवून आम्ही बोललो, तेव्हा तो शेरा काढला गेला. माणसाचे मोजमाप करण्यापूर्वी हत्याराचे मोजमाप करा, एवढेच आमचे मागणे होते.

पान वर की खाली?

दुसरी मोठी तक्रार पान सरकवण्याची, म्हणजेच स्क्रोलची. हल्लीच्या पाट्यांवर दोन बोटे एकदम सरकवली की पान सरकते. जुन्या कित्येक लॅपटॉपांवर एकच बोट पाटीच्या उजव्या कडेने वरखाली फिरवावे लागे. जुन्या यंत्रावर शिकलेला माणूस नव्या पाटीच्या कडेला बोट घाशीत बसतो आणि यंत्र बिघडले असे समजतो. दोन बोटे ठेवूनही पान हलत नसेल तर बोटे एकमेकांना चिकटलेली आहेत काय ते पाहावे. चिकटलेली दोन बोटे पाटीला कधी कधी एकच जाड बोट वाटते आणि पानाऐवजी बाण सरकतो. मधे थोडी फट ठेवली की भागते. तेवढ्यानेही न झाले तर टचपॅडच्या पानावर दोन बोटांनी स्क्रोल करण्याचा पर्याय चालू आहे काय ते बघावे.

पण खरा वाद दिशेचा. बोटे खाली ओढली तर पान वर जावे की खाली यावे? येथे दोन विचार आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी सरळ आहेत. विहिरीच्या रहाटाची दोरी आपण खाली ओढतो आणि पोहरा वर येतो. जुनी पद्धत अशी होती. बोट खाली, मजकूर वर. उलट पाटावर ठेवलेला कागद बोटाने खाली ओढला तर कागद खालीच येतो. मोबाइलवर हीच रीत असते. २०११ साली ॲपलने आपल्या मॅकच्या 'लायन' या आवृत्तीत ही दुसरी रीत मुळातच लावून दिली आणि तिला 'नॅचरल', म्हणजे स्वाभाविक, असे नाव दिले. नावावर जाऊ नये. ज्याचा हात ज्या रीतीला सरावला त्याला तीच स्वाभाविक. विंडोजमध्ये टचपॅडच्या पानावरील 'स्क्रोल अँड झूम' या भागात 'स्क्रोलिंग डायरेक्शन' असा पर्याय आहे. मॅक व लिनक्स यांत 'नॅचरल स्क्रोलिंग' चालू किंवा बंद करता येते. घरात एकाच यंत्रावर बाप रहाटवाला आणि मुलगी कागदवाली असेल तर भांडू नये. प्रत्येकाने आपले लॉगिन करून घ्यावे.

पान हातातून सुटून पुढे धावते, अशीही तक्रार येते. तो बिघाड नव्हे. झटक्याने बोटे उचलली की पान काही काळ आपल्या वेगाने धावत राहील अशी योजनाच असते. पाटीला बोट टेकवले की ते थांबते. सावकाश सरकवून बोटे स्थिर केल्यावर उचलली तर ते धावत नाही. मॅकमध्ये स्क्रोलचा वेगही कमी करता येतो; तो 'ॲक्सेसिबिलिटी'मधील 'पॉइंटर कंट्रोल' येथे, 'ट्रॅकपॅड ऑप्शन्स'मध्ये मिळतो.

बाण उडतो किंवा मरतो तेव्हा

आता वेगाच्या पलीकडच्या खोड्या. टाइप करता करता अक्षरे भलत्याच ओळीत जाऊन पडत असतील तर तळहात पाटीला टेकतो आहे असे समजावे. विंडोजमध्ये 'टचपॅड सेन्सिटिव्हिटी' एक पायरी उतरवावी. लिनक्समध्ये टाइप करताना टचपॅड बंद ठेवण्याचा पर्याय असतो.

चार्जर लावला की बाण नाचतो आणि काढला की शांत होतो, हा प्रकार आपल्याकडे पुष्कळ आढळतो. त्याचे मूळ लॅपटॉपमध्ये नसून बहुधा भिंतीत असते. प्लगच्या तिसऱ्या भोकाला अर्थिंगची तार जोडलेली नसली, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीतून लावला, तर चार्जरमधील विजेचा गोंगाट जमिनीत न जाता पाटीपर्यंत पोचतो, आणि पाटी तर विजेतील बारीक बदलावरच जगणारी. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ही खूण अधिकच पक्की. दुसऱ्या, नीट अर्थिंग असलेल्या प्लगवर लावून पाहावे, चार्जर स्वस्तातला असेल तर कंपनीचा लावून पाहावा, आणि घरातल्या अर्थिंगसाठी वायरमनला बोलवावे. ते काम टचपॅडपुरते नाही, जिवापुरते आहे.

पाटी अजिबात दाद देत नसेल तर घाबरण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. कीबोर्डच्या वरच्या ओळीत एका कळेवर पाटीचे छोटे चित्र असते; ती चुकून दाबली गेली की पाटी बंद होते आणि पुन्हा दाबली, किंवा 'एफएन' या कळेबरोबर दाबली, की चालू होते. काही जुन्या लॅपटॉपांत पाटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर दोनदा टिचकी दिली की पाटी बंद होऊन तेथे बारीक दिवा लागतो. तिसरी गोष्ट म्हणजे बिनतारी माऊसची यूएसबीची छोटी खुंटी. माऊस जोडलेला असताना टचपॅड बंद राहावा अशी जुळणी केलेली असेल, तर ती विसरलेली खुंटीही पाटी मारून टाकते. बाणच नसताना सेटिंग्ज कसे उघडावे, असे कोणी विचारील. विंडोजची खूण असलेली कळ धरून आय हे अक्षर दाबावे; पुढचा सारा प्रवास टॅब, बाणांच्या कळा आणि एंटर यांनी होतो.

एका खुणेपुढे मात्र हे सर्व उपाय बाजूला ठेवावेत. पाटीची कड वर उचलली गेली आहे, टिचकी दाबली जात नाही, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतो, असे दिसले तर खालची बॅटरी फुगली असण्याचा संभव आहे. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. यंत्र बंद करावे, चार्जर काढावा, पाटी दाबून खाली बसवण्याचा यत्न करू नये, आणि यंत्र जाणकाराकडे न्यावे.

एरवी दुकानाची पायरी चढण्यापूर्वी क्रम असा ठेवावा: पाटी आणि हात कोरडे करणे, चार्जर काढून पाहणे, यंत्र एकदा बंद करून सुरू करणे, पाटीची कळ पाहणे, सेटिंग्ज पाहणे. यंत्राने स्वतःहून नवी आवृत्ती घेतल्यावर खोड सुरू झाली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या लॅपटॉपचा टचपॅड ड्रायव्हर पुन्हा बसवावा. यात पैसा लागत नाही, थोडा वेळ लागतो. एवढे करून दुकानात गेलेल्या माणसाला काय काय करून पाहिले हे सांगता येते, आणि अशा गिऱ्हाइकाला नसता खर्च गळ्यात मारणे कठीण जाते.

शेवटी हाताविषयी दोन शब्द. जुळणी कितीही चांगली केली तरी दिवसाचे आठ तास दोन बोटांवर काढावेत यासाठी ही पाटी नाही. नोंदींचे काम असेल तर साधा माऊस मागून घ्यावा. मनगट हवेत लोंबकळत ठेवू नये. मधून मधून हात पाटीवरून उचलून मुठी उघडाव्यात-मिटाव्यात. मनगट किंवा बोटे रोजच दुखत असतील, रात्री मुंग्या येत असतील, तर दुखणे सोसण्यात शौर्य नाही, डॉक्टरांना दाखवावे. जेथे कचेरीने सेटिंग्जला कुलूप लावले असेल तेथे निदान वेग, दिशा आणि टिचकी या तीन गोष्टी ज्याच्या त्याला मोकळ्या असाव्यात, असे लेखी मागावे. ही मागणी मान्य करण्याला मालकाला एक पैसाही पडत नाही.

नवे यंत्र येते तेव्हा त्याची पट्टी कोठे तरी ठेवलेली असतेच. ती ठेवणाऱ्याने आपला हात पाहिलेला नसतो, आपले काम पाहिलेले नसते, आपली दुखणारी बोटे तर नाहीच नाही. त्याने एक अंदाज केलेला असतो, इतकेच. तो अंदाज दुरुस्त करण्यात यंत्राचा अपमान नाही की कोणाची परवानगी लागावी असे काही नाही. घरी गेल्यावर ती पट्टी एकदा उघडून पाहा, आणि शेजारी कोणी "माझा हात बसत नाही" म्हणत असेल तर त्यालाही ती दाखवा.